भाचा विशेष गृहातून आलाय, पुढे काय?

मालव्यातली मावशी: भाचा पावणेदोन वर्षं विशेष गृहात, म्हणजे गुन्ह्यात दोषी ठरलेल्या अल्पवयीन मुलांच्या गृहात, होता. गेल्या महिन्यात १८ पूर्ण झाले, आता इंदूरला माझ्याकडे आहे. पहाटे पाचला उठतो, चादरीची घडी उशीवर ठेवतो आणि हाक मारेपर्यंत तिथंच बसून राहतो. पोहे समोर ठेवले तरी "घेऊ?" विचारतो. मालवा मिलकडच्या एका गॅरेजवाल्यानं चारित्र्याचा दाखला मागितलाय. गाड्या पुसायला दाखला! कुठं जाऊ?

जुना वकील: ताई, जिल्हा बाल संरक्षण कक्षात लेखी अर्ज द्या, पोच घ्या. बाल न्याय कायदा २०१५, कलम ४६. मिशन वात्सल्य या केंद्राच्या बाल संरक्षण योजनेत गृहातून बाहेर पडलेल्या अशा मुलांसाठी महिना ४,००० रुपयांची तरतूद आहे, २१ वर्षांपर्यंत, अपवादानं २३. दाखल्याचं म्हणाल तर कलम २४ वाचा: जुना दोष अपात्रता ठरत नाही. मात्र १६ वर्षांवरच्या मुलावर प्रौढासारखा खटला चालून दोष सिद्ध झाला असेल, तर ही सवलत नाही.

सराफ्याजवळचा: आधी त्याचं आधार आणि बँक खातं बघा हो. माझ्या ओळखीतल्या पोराचं तिथंच अडलं होतं.

मालव्यातली मावशी: खटला बाल न्याय मंडळातच होता. आधारवर पत्ता अजून त्या गृहाचाच आहे. उद्या दोघं जातो.