दोन सर्व्हरवरच्या दूध संकलन अ‍ॅपसाठी काय घ्यावं: कंपोज, स्वॉर्म, के-थ्री-एस की थेट कुबरनेटीस?

पंचगंगेकाठी:
नमस्कार मंडळी, पोस्ट थोडी लांब होणार आहे पण वाचा प्लीज, महिना झाला हाच विषय डोक्यात घोळतोय.

आम्ही चौघंजण कोल्हापुरात दूध संकलन केंद्रांसाठी सॉफ्टवेअर करतो. केंद्रावर काटा आणि फॅट मशीन जोडलेलं असतं, माप झालं की लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ) आमच्या एपीआयला, म्हणजे सर्व्हरवरच्या माहिती घेणाऱ्या प्रोग्रामला, येतं आणि उत्पादकाला एसएमएस जातो. सकाळी साडेपाच ते साडेआठ आणि संध्याकाळी तेवढाच वेळ झुंबड, मधे दिवसभर सर्व्हर जवळजवळ रिकामा. दर १० दिवसांनी बिलं निघतात, त्या रात्री हजारो पीडीएफ बनतात.

जँगो (वेब अ‍ॅप), सेलरी (मागे चालणारी कामं), रेडिस (कामांची रांग), पोस्टग्रेस (डेटाबेस) असं सगळं डॉकर कंपोजवर आहे, म्हणजे प्रत्येक भाग वेगळ्या कंटेनरमध्ये आणि सगळे कंटेनर एका फाईलमधून चालतात. ८ जीबीच्या दोन व्हीएम (व्हर्च्युअल सर्व्हर), एकावर सगळं प्रॉडक्शन (लोक वापरतात ते) आणि दुसरीवर टेस्टिंग आणि बॅकअप.

आता त्रास काय ते सांगतो. डिप्लॉय करताना, म्हणजे नवा कोड चढवताना, २०-२५ सेकंद एपीआय बंद राहतो म्हणून आम्ही फक्त दुपारी डिप्लॉय करतो. आणि गेल्या महिन्यात ११ तारखेला सकाळी साडेसहाला डेटाबेस पडला, ४० मिनिटं. केंद्रांवर लोक कॅन घेऊन रांगेत उभे, सचिवांनी वहीत हाताने लिटर लिहिले, फॅट नंतर भरली, आणि त्यात दोनचार जणांचे आकडे चुकलेच. ज्याचं दूध रोजचं सहा लिटर आहे त्याला अर्ध्या लिटरचा फरकसुद्धा कळतो हो. फार वाईट वाटलं.

त्यात आता एक मोठा दूध संघ बोलतोय, त्यांच्या आयटीवाल्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, कुबरनेटीसवर (अनेक मशीनवरचे कंटेनर सांभाळणारी प्रणाली) आहे का. घ्यावं का? आणि कुबरनेटीसने डॉकर बंद केलं असंही ऐकलंय, मग आमच्या इमेजेसचं (ज्यांवरून कंटेनर उभे राहतात त्या तयार पॅकेजचं) काय होणार?

विदर्भ_सिसअ‍ॅडमिन:
टूलचं नंतर बघू भाऊ, आधी हे सांगा की पोस्टग्रेस पडला कशाने? डीमेसेजमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या लॉगमध्ये, काय दिसलं?

पंचगंगेकाठी:
आऊट ऑफ मेमरी, किल्ड प्रोसेस पोस्टग्रेस. १० तारखेच्या रात्रीची बिलं सकाळपर्यंत चालूच होती, पीडीएफवाला वर्कर (सेलरीची काम करणारी प्रोसेस) चार जीबीच्या वर गेला होता. पोस्टग्रेस उठायचा, रिकव्हरी करायचा, थोडा चालायचा की परत मरायचा. शेवटी वर्कर हाताने बंद केला तेव्हा शांत झालं.

विदर्भ_सिसअ‍ॅडमिन:
मग यात कुबरनेटीसचा काही संबंध नाही. पीडीएफ वर्करला मेमरी लिमिटच नाही त्यामुळे तो अख्ख्या मशीनची रॅम खातो, आणि मशीनची मेमरी संपली की कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) स्वतःच्या हिशोबाने एखादी मोठी प्रोसेस निवडून मारतो, तिथे तुमचा पोस्टग्रेस सापडला. कंपोज फाईलमध्येच वर्करला दीड जीबीची लिमिट टाका. मग तो फुगला तर तोच मरेल, एक्झिट कोड १३७ (म्हणजे जबरदस्तीने मारलं) दिसू शकेल, डेटाबेसला धक्का लागणार नाही. सेलरीत मॅक्स टास्क्स पर चाइल्ड ही सेटिंग आहे, ती ५०-१०० वर ठेवली की ठराविक कामांनंतर चाइल्ड प्रोसेस बदलली जाते, पीडीएफ लायब्ररीने अडवलेली मेमरी सुटते. लिमिट न टाकता हेच अ‍ॅप कुबरनेटीसवर नेलं असतं तर नोडवर (त्यातल्या मशीनवर) अगदी हेच झालं असतं.

आणि पोस्टग्रेस वेगळ्या मशीनवर न्या, आजच. तीन वर्षांत माझ्याकडे आलेल्या निम्म्या केसेस अशाच, डेटाबेस आणि वर्कर एका ताटात जेवायला बसलेले.

सांगलीवाला_स्टॅक:
वरच्या भाऊंशी १०० टक्के सहमत. आता तुमच्या २०-२५ सेकंदांबद्दल बोलतो.

कंपोज काय करतं, जुना कंटेनर थांबवतं, काढतं, मग नवा उभा करतं, मधला वेळ तुमचा बंद. आधी नवा उभा कर, तो हेल्दी झाला की मग जुना काढ, हे त्याच्यात नाही. स्वॉर्ममध्ये, म्हणजे अनेक मशीन जोडून कंटेनर चालवायच्या डॉकरच्याच सोयीत, आहे. स्वॉर्म मोड २०१६ पासून, म्हणजे डॉकर १.१२ पासून इंजिनमध्येच आहे, वेगळं काही इन्स्टॉल करायचं नाही. स्टॅक फाईलमध्ये अपडेटची ऑर्डर स्टार्ट-फर्स्ट ठेवा आणि फेल्युअर अ‍ॅक्शन रोलबॅक, हेल्थचेक (कंटेनर नीट चालतोय का ही तपासणी) नीट लिहा, संपलं. नवीन व्हर्जन उभं राहिलं नाही तर आपोआप जुन्यावर परत येतं. मी २०१८ पासून तीन छोट्या मशीनवर चालवतोय, एका शाळासंस्थेची फी आणि हजेरी.

लोक म्हणतील स्वॉर्म मेलं. २०१९ मध्ये डॉकरचा एंटरप्राइज बिझनेस मिरँटिस कंपनीने घेतला तेव्हा सगळे हेच म्हणत होते. नवीन फीचर फारसे येत नाहीत हे खरं आहे, ऑटोस्केलिंग नाही हेही खरं. पण जे आहे ते चालतं.

एक चूक माझी झाली ती तुम्ही करू नका. मी सुरुवातीला दोनच मशीन घेतल्या आणि दोघींना मॅनेजर (निर्णय घेणारी मशीन) केलं, वाटलं एक गेली तर दुसरी सांभाळेल. प्रोव्हायडरने एक मशीन रात्री रीबूट केली ती परत आलीच नाही, आणि उरलेली एकटी काही निर्णय घेईना, कारण राफ्टमध्ये (मॅनेजर आपसात ठरवतात ती पद्धत) बहुमत लागतं आणि दोनाचं बहुमत दोनच असतं. चालू असलेले कंटेनर चालू राहिले पण नवीन काही हलवता येईना. त्यामुळे एक मॅनेजर किंवा तीन, दोन कधीच नको. आणि स्वॉर्म इमेज बिल्ड करत नाही, कंटेनर नेमही मानत नाही, त्यामुळे एक रजिस्ट्री (तयार इमेज ठेवायची जागा) लागेलच.

हिंजवडी_फेज३:
मी रोज कुबरनेटीसवरच काम करतो, त्यामुळे त्याची बाजू मांडतो, पण तुम्हाला घ्या असं म्हणणार नाही.

आमच्याकडे चाळीसच्या वर सर्व्हिसेस आहेत, सहा टीम्स, आणि प्लॅटफॉर्म बघायला वेगळे लोक. तिथे कुबरनेटीस नसतं तर आम्ही वेडे झालो असतो. एकच यामल (सेटिंगची फाईल) लिहायची पद्धत, कोणाला किती सीपीयू मेमरी ते ठरलेलं, एक नोड गेला की पॉड (एकत्र चालणारे कंटेनर) दुसरीकडे, कोणी काय बदललं त्याचा गिटमध्ये इतिहास. गूगलने आतल्या बोर्ग या प्रणालीचा अनुभव घेऊन हे २०१४ मध्ये बाहेर आणलं, आणि बोर्ग हजारो मशीनसाठी होतं, ते मूळ लक्षात ठेवा.

तुमच्या बाबतीत हिशोब असा. ईकेएस (अ‍ॅमेझॉनचं तयार कुबरनेटीस) घेतलं तर नुसत्या कंट्रोल प्लेनचे (क्लस्टर चालवणाऱ्या भागाचे) तासाला ०.१० डॉलर, महिन्याला साधारण ७३ डॉलर. त्यावर नोड्स, लोड बॅलन्सर, नॅट गेटवे हे सगळं वेगळं. पण पैशांपेक्षा मला काळजी अपग्रेडची वाटते. वर्षाला तीन व्हर्जन येतात, प्रत्येकाला साधारण १४ महिने सपोर्ट, आणि ईकेएसवर स्टँडर्ड मुदत संपल्यावर मागे राहिलात तर तोच दर ०.६० डॉलर तासाला होतो. म्हणजे चौघांपैकी एकाने वर्षातून किमान एकदा हे काम मन लावून करायचं, कोणते एपीआय गेले, इन्ग्रेस (बाहेरच्या विनंत्या आत घेणारा भाग) चालतोय का, सगळं तपासायचं. तो वेळ तुम्ही फॅट मशीनच्या इंटिग्रेशनमधून काढणार का, हा खरा प्रश्न आहे.

डॉकर बंद केलं ही भीती मनातून काढा. २०२० च्या डिसेंबरमध्ये १.२० बरोबर जाहीर झालं की डॉकरशिम काढणार, आणि २०२२ च्या मे मध्ये १.२४ मध्ये काढलं. डॉकरशिम म्हणजे कुबरनेटीस आणि डॉकर इंजिन यांच्यामधला जोडतुकडा. आता तिथे बहुतेक ठिकाणी कंटेनरडी हे कंटेनर चालवणारं सॉफ्टवेअर असतं. इमेज ओसीआय स्टँडर्डची (सगळ्या टूल्सना चालणाऱ्या स्वरूपाची) असते त्यामुळे डॉकरने बनवलेली इमेज जशीच्या तशी चालते.

आता एक गोष्ट जी कोणतंही टूल घेतलं तरी लागणार आहे. रोलिंग अपडेट म्हणजे काही वेळ जुना आणि नवा कोड एकाच डेटाबेसवर एकदम चालतो. तुम्ही मायग्रेशनमध्ये (डेटाबेसची रचना बदलताना) कॉलम उडवला की जुना कोड त्याच क्षणी पडणार. आधी नवा कॉलम जोडा, कोड बदला, पुढच्या डिप्लॉयला जुना उडवा. आत्ता २५ सेकंद सगळंच बंद असतं म्हणून हा त्रास तुम्हाला दिसलेला नाही.

आणि सेलरी बीट (ठरल्या वेळी कामं सोडणारा भाग)! स्टार्ट-फर्स्ट सगळ्यांना लावू नका. बीट क्षणभर जरी दोन चालले तरी एखादं काम दोनदा सुटू शकतं, आणि तुमच्याकडे ते काम म्हणजे बिल आहे. त्याला एकच रेप्लिका (प्रत) आणि स्टॉप-फर्स्ट, म्हणजे आधी जुना थांबव मग नवा उभा कर. शिवाय बिलाच्या टास्कमध्ये केंद्र, उत्पादक आणि बिलाची मुदत यावर डेटाबेसमध्ये युनिक कंस्ट्रेंट (तीच नोंद दोनदा न घेण्याचा नियम) ठेवा, म्हणजे टास्क दोनदा आला तरी बिल एकच राहील. शेतकऱ्याच्या पैशाची गोष्ट आहे, इथे नुसतं ऑर्केस्ट्रेटरवर (कंटेनर सांभाळणाऱ्या टूलवर) विसंबू नका.

तांडेल_रत्नागिरी:
कुबरनेटीस हा ग्रीक शब्द, अर्थ सुकाणू धरणारा, म्हणजे आमच्याकडे बोटीवर तांडेल असतो तोच. आयडी मी त्यावरूनच घेतलाय.

के-थ्री-एसचं, म्हणजे कुबरनेटीसच्या हलक्या आवृत्तीचं, कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. २०१९ मध्ये रँचर कंपनीने आणलं, एकच बायनरी (चालवायची फाईल), ट्रेफिक (Traefik) हा बाहेरच्या विनंत्या योग्य सर्व्हिसकडे पाठवणारा प्रॉक्सी सोबतच येतो, एका मशीनवर असेल तर एटसीडी या नेहमीच्या डेटाबेसऐवजी साध्या एसक्यूलाइटवर चालतं. मी एका मत्स्यप्रक्रिया कारखान्यात तीन मशीनवर लावलंय, तिथे बाहेरचं इंटरनेट दिवसातून चारदा जातं पण आतलं सगळं चालू राहतं. संघवाल्यांना कुबरनेटीसच हवं असेल तर हा मधला मार्ग आहे, तेच यामल, तेच क्यूबसीटीएल (कमांड टूल). पण इन्स्टॉल सोपं म्हणजे सांभाळणं सोपं असं नाही. सर्टिफिकेट, स्टोरेज, पॉड पेंडिंग का आहे, हे सगळं शिकावंच लागतं, मला नीट हात बसायला सहा महिने लागले.

म्युनिकहून_नाशिककर:
दोन नावं राहिली. नोमॅड, म्हणजे हॅशिकॉर्प कंपनीचं असंच टूल, मला मनापासून आवडतं, कंटेनर नसलेली साधी बायनरी किंवा जावाचं जार पण चालवतं, कॉन्फिग वाचायला सरळ. २०२३ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी लायसन्स बदललं, आता ते पूर्वीसारखं ओपन सोर्स नाही. तुमच्यासारख्या आतल्या वापराला अडचण नाही, पण अडलं की मदत करणारे लोक कमी मिळतात, हे बघून ठरवा.

पॉडमन दुसरं, डॉकरला पर्याय. आमच्याकडे रूटने (सर्वाधिकार असलेल्या युजरने) चालणारा डीमन, म्हणजे सतत मागे चालणारा प्रोग्राम, ऑडिटमध्ये बसत नाही म्हणून पॉडमनवर गेलो, डीमन नाही, साध्या युजरने चालतं, आणि ४.४ पासून क्वाडलेट आलंय, म्हणजे कंटेनर सरळ सिस्टमडीची (लिनक्समध्ये सर्व्हिस चालू-बंद करणारी यंत्रणा) सर्व्हिस होतो. एका मशीनसाठी फार छान. अनेक मशीनचं मात्र तुमचं तुम्हाला बघावं लागतं.

सिगटर्मचं (प्रोसेसला थांबायला सांगणारा सिग्नल) पण बघून घ्या. डॉकर कंटेनर थांबवताना १० सेकंद देतं आणि मग सरळ मारतं, कुबरनेटीस ३०. तुमचं बिलाचं टास्क चार मिनिटांचं असेल तर ते मधेच तुटणार. स्टॉप ग्रेस पीरियड वाढवा. आणि डॉकरफाईलमध्ये कमांड चौकोनी कंसात लिहा, नाहीतर पीआयडी १ (कंटेनरची पहिली प्रोसेस) शेल होतो आणि सिगटर्म तुमच्या सेलरीपर्यंत पोचतच नाही.

पंचगंगेकाठी:
सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं सविस्तर कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं. आज चौघं बसून बोललो.

मेमरी लिमिट कालच टाकली. पोस्टग्रेस तिसऱ्या व्हीएमवर या आठवड्यात हलवतोय, दुपारी, आणि त्याआधी बॅकअपमधून एकदा पूर्ण रिस्टोर करून बघणार आहे कारण ते आम्ही आजवर कधीच केलेलं नाही. मग एक मॅनेजर आणि एक वर्कर असा स्वॉर्म टेस्टिंगवर, तिथे दोन बिल सायकल व्यवस्थित गेली की प्रॉडक्शन. युनिक कंस्ट्रेंट आज लिहायला घेतलं तेव्हा जुन्या डेटात एक डुप्लिकेट बिल सापडलं, ते आधी निस्तरतोय.

संघवाल्यांना काय सांगू ते मात्र अजून सुचत नाहीये.

हिंजवडी_फेज३:
त्यांना विचारा की सर्व्हर गेला तर किती मिनिटांत परत हवाय आणि किती मिनिटांचा डेटा गेलेला चालेल. कुबरनेटीस विचारणाऱ्याला बहुतेक वेळा याचंच उत्तर हवं असतं. तुमचं रिस्टोर झालं की घड्याळ लावून किती वेळ लागला ते लिहून ठेवा आणि तो आकडा त्यांच्यापुढे ठेवा. इमेज तयार आहेत, हेल्थचेक आहेत, कॉन्फिग एन्व्हायर्नमेंटमधून येतं, म्हणजे उद्या खरंच गरज पडली तर कुबरनेटीसवर जायचं बरंचसं काम झालेलं असेल, हेही सांगा.

विदर्भ_सिसअ‍ॅडमिन:
जाता जाता दोन. यूएफडब्ल्यू या फायरवॉलवर भरवसा ठेवून रेडिस किंवा पोस्टग्रेसचा पोर्ट पब्लिश केला असेल तर तो बाहेर उघडा आहे, डॉकर स्वतःचे आयपीटेबल्सचे (लिनक्सच्या नेटवर्क फिल्टरचे) नियम टाकतं आणि यूएफडब्ल्यूला वळसा घालून ट्रॅफिक आत येतं. बाहेरच्या मशीनवरून तपासा. आणि डॉकरचे लॉग मुळात फिरत नाहीत (जुने आपोआप काढले जात नाहीत), जेसन-फाईल या नेहमीच्या लॉग प्रकाराला मॅक्स साइज द्या नाहीतर एक दिवस डिस्क भरेल.

पंचगंगेकाठी:
आत्ताच बघितलं. रेडिसचा पोर्ट खरंच बाहेरून उघडा होता, लगेच बंद केला. आणि एपीआयच्या कंटेनरचा लॉग ३१ जीबी झालाय, डिस्क ८० ची आहे. संध्याकाळचं संकलन सुरू व्हायला दीड तास आहे, तेवढ्यात लावतो.