सैल पिना: ग्लू की जाड पिना? दोन जाणकार, दोन मतं

घोडबंदरचा ट्यूनर:
नमस्कार मंडळी. कासारवडवलीत एक जुना अपराइट पियानो आहे. ए 440 ला (म्हणजे प्रमाण पट्टीला, ए स्वर सेकंदाला 440 कंपनांवर) लावला की पंधरा दिवसांत मधलं सप्तक उतरतं. ज्यांच्या हाताखाली शिकलो ते म्हणतात, पिना (तारा ज्यांना गुंडाळून ताणलेल्या असतात त्या खुंट्या) सैल झाल्यात, तारा उतरव आणि एका नंबरने जाड पिना ठोक. ऑनलाइन वर्कशॉपमधले सर म्हणतात, पिनांच्या बुडाशी पातळ सुपरग्लू सोड. दोघांनाही मी मानतो. मालकीणबाईंना काय सांगू?

वाशीकर:
बिनधास्त ग्लू. मात्र पाण्यासारखा पातळच हवा. अ‍ॅक्शन (हातोड्यांची यंत्रणा) बाहेर काढा, पियानो पाठीवर आडवा करा, खिडक्या उघड्या ठेवा.

नेरूळ_८८:
अजिबात पटत नाही. पकड हवी असेल तर जाड पिनच. अर्थात, पिनब्लॉकला, म्हणजे पिना ज्यात ठोकलेल्या असतात त्या लाकडाला, चीर असेल तर जाड पिनेने ती वाढेल, ते आधी बघा.

कोपरीची ताई:
अरे, हत्यार उचलण्याआधी एक सांग, हाच पियानो जुलैत कसा होता? पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि पिनांना आवळून धरतं. साउंडबोर्ड, म्हणजे तारांचा आवाज वाढवणारी मोठी फळी, तीही फुगते, म्हणून मधले स्वर चढतात. थंडीत, त्यात दिवसभर एसी असला तर, सगळं उलट होतं. दोष पिनेचा की हवेचा हे तारांवरूनच कळतं. एका स्वराच्या तीन तारांपैकी एकच घसरली तर पीन सैल. तिन्ही सारख्या उतरल्या आणि शेजारचे स्वरही उतरले तर हवा. अशी एकटीच घसरलेली तार सापडली की तिच्या पिनेला लिव्हर (पीन फिरवायची किल्ली) लावून बघ. एकेक तार 70-80 किलोच्या जोराने ओढत असते, सैल पीन हाताला लगेच कळते.

वर्कशॉप जरूर कर, मीही अजून करते. पण शिकवणारा कुठल्या हवेत काम करतो ते विचारत जा. हिवाळाभर हीटर चालणाऱ्या घरातला पियानो आणि खाडीकाठचा पियानो, दोन्हींना एकच औषध कसं चालेल? आपल्या क्षेत्रातली निम्मी भांडणं इथूनच निघतात. प्रत्येक पियानोची वही ठेव: तारीख, आर्द्रता, ट्यूनिंगआधीचा ए.

घोडबंदरचा ट्यूनर:
ताई, काल जाऊन तपासलं. दोनच स्वरांत एकेक तार एकटीच घसरते, लिव्हरलाही त्या पिना सैल लागतात. बाकी सप्तक सरसकट उतरलंय, आणि एसीचा झोत थेट पियानोवर येतो. त्या दोन पिनांना ग्लू लावतो, झोताचं बाईंशी बोलतो. आर्द्रतामापक कुठे ठेवू?

कोपरीची ताई:
पियानोच्या आत, खालच्या फळीमागे. साउंडबोर्डला तिथलीच हवा लागते.