दोन हत्यारं काढून टाकली म्हणून मी भित्रा? मग ऐकाच

कोयनाकाठ

काल बत्तीस_बोअर यांनी लिहिलं: "ज्याला भरलेलं रिव्हॉल्व्हर रोज कमरेला बाळगायची छाती नाही त्याने परवाना परत करावा. कपाटात कुलूपबंद हत्यार म्हणजे देव्हाऱ्यातला टाक, दसऱ्याला फुलं वाहायची आणि झाकून ठेवायचं." एरवी सोडून दिलं असतं. पण खाली 'वा दादा' करणाऱ्यांत तिघे माझ्या ओळखीचे परवानाधारक निघाले, म्हणून लिहायला बसलो.

आमच्याकडे तीन हत्यारं होती. आजोबांची विलायती बारा बोअर दुनळी, बाहेरच्या घोड्यांची (घोडा म्हणजे काडतुसावर ठोका देणारा भाग). एक ठासणीची, जिच्यात शेवटचा बार कोणी ठासला ते आजीलाच ठाऊक. आणि वडिलांनी निवृत्तीच्या पैशातून २००३ मध्ये घेतलेलं कानपूरचं ०.३२ रिव्हॉल्व्हर. डिसेंबर २०१९ मध्ये कायदा बदलला, तिनाची मर्यादा दोनावर आली. (मूळ विधेयकात एकच होतं, हेही आठवा.) जास्तीचं हत्यार वर्षभरात पोलीस ठाण्यात नाहीतर परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं होतं. ठासणीची विक्रेत्याकडे ठेवली, पुढे देऊनच टाकली. तो निर्णय सरकारचा. रिव्हॉल्व्हर विकलं तो निर्णय माझा, आणि बत्तीस_बोअर यांना झोंबलं आहे ते हेच.

वडिलांनंतर ते माझ्या परवान्यावर आलं आणि दोन वर्षं मी ते रोज कमरेला लावून फिरलो. कमावलं काय, तर शर्ट बाहेर सोडायची सवय. लग्नात पंगतीला मांडी घालून बसता येईना. मुलगी धावत आली की आधी माझा उजवा हात पोटाशी जायचा, मग ती. एकदा बँकेत स्लिप उचलायला वाकलो तर मागच्या बाई म्हणाल्या, "भाऊ, तुमचं काहीतरी दिसतंय." पाकीट पडलं असावं अशा सुरात!

मग कराडला एका पार्किंगमध्ये गाडी लावण्यावरून जुंपली. माझा हात कमरेकडे गेला. मी नेला नाही, तो गेला. समोरचा पोरगा वीसचाही नसेल, मागच्या सीटवर त्याची आई डबा मांडीवर घेऊन बसलेली. त्या रात्री घरी येऊन सहाही गोळ्या गादीवर ओतल्या आणि बराच वेळ नुसत्या बघत बसलो. पुढच्या महिन्यात विकायची परवानगी मागितली. आता म्हणा भित्रा.

बत्तीस_बोअर

हात आपोआप जातो हा तुमच्या डोक्याचा दोष, हत्याराचा नव्हे. तुम्ही विकलंत ते उत्तमच केलंत, याबद्दल मनापासून अभिनंदन.

माझा सराफीचा धंदा आहे. रात्री साडेनऊला दुकान बंद करून माल घेऊन घरी जातो. एकदा दोन मोटरसायकली मागे लागल्या होत्या. मी गाडी थांबवून नुसता उतरलो, शर्ट वर केला, दोन्ही गाड्या वळल्या. गोळी झाडली नाही, हत्यार बाहेरसुद्धा काढलं नाही. ते कपाटात असतं तर आज हे कोण लिहीत असतं? तुमच्या पार्किंगच्या भांडणावरून माझ्या धंद्याचे नियम ठरवू नका.

निवृत्त_फौजदार

दोघांनाही सांगतो, कारण बत्तीस वर्षांत अशी भांडणं पुष्कळ मिटवली आहेत. २०१६ च्या शस्त्र नियमांत स्पष्ट आहे: सार्वजनिक जागी न्यायचं तर म्यानात किंवा पिशवीत, पूर्ण झाकलेलं, आणि आपल्या ताब्यात. शर्ट वर करून दाखवणं 'झाकलेलं' मध्ये बसत नाही, सराफसाहेब. त्या मोटरसायकलवाल्यांनी ठाण्यात येऊन उलटी तक्रार दिली असती तर मी तुमचाच जबाब आधी घेतला असता.

आणि भरलेलं म्हणजे किती भरलेलं, हे कोणीच बोलत नाही. जुन्या नमुन्याच्या रिव्हॉल्व्हरमध्ये घोड्याखाली गोळी असली आणि हत्यार घोड्यावर आपटलं तर बार होऊ शकतो. म्हणून जुने लोक घोड्याखालचं घर रिकामं ठेवत. १ ऑक्टोबर २०२४ ला अभिनेते गोविंदा यांच्या पायात त्यांच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी गेली. कपाटात ठेवताना निसटलं, असं त्यांनी सांगितलं. पहाटेची वेळ, घरात कोणी चोर नाही, कोणी वैरी नाही. आमच्याकडे आलेली बहुतेक प्रकरणं अशीच: ठेवताना, काढताना, पुसताना, मित्राला दाखवताना. झटापटीतलं एखादंच.

डॅलसकर_वैनी

निवृत्त साहेबांचं अर्धं पटलं. आम्ही टेक्सासमध्ये अठरा वर्षं आहोत. माझ्याकडे कॅरीचं लायसन्स आहे आणि मी रोज बाळगते. २०२१ च्या सप्टेंबरपासून इथे एकवीस वर्षांवरच्या बहुतेकांना लायसन्सशिवायही बाळगता येतं, तरी मी ते सोडलं नाही, कारण त्यासाठी झालेलं प्रशिक्षण मला हवं होतं. घोड्याखालचं घर रिकामं ठेवा हे जुन्या बनावटीसाठी ठीक. नवीन बनावटीत पडून बार होऊ नये याची सोय आतच असते. आता अपघात होतो तो चापावर काहीतरी अडकून. म्हणून चाप पूर्ण झाकणारं, कडक, त्याच मॉडेलच्या मापाचं होल्स्टर हवं. कापडी पिशवीत, पर्समध्ये लिपस्टिकशेजारी, पँटच्या खिशात किल्ल्यांबरोबर, हे सगळं बाद. आणि हत्यार होल्स्टरमध्ये परत घालताना घाई नाही. नजर खाली, बोट चापापासून लांब. काढताना एक वेळ घाई चालेल, ठेवताना कधीच नाही.

आणि कोयनाकाठदादा, राग मानू नका, पण हात आपोआप जातो त्याला इलाज सराव आहे, विक्री नाही. भारतात परवानाधारक वर्षाला किती गोळ्या झाडतात? माझ्या सासऱ्यांकडे काडतुसांचा एक डबा होता, तो त्यांच्यानंतरही तसाच होता.

कोयनाकाठ

वैनी, सरावाला गोळ्या लागतात आणि इथे परवान्यावर मोजून मिळतात. तुमच्याकडे किराण्यासारख्या मिळत असतील. टेक्सासचं माप लावून पाटणचा सदरा शिवू नका.

डॅलसकर_वैनी

सदरा तुमचाच आहे, मी फक्त बटण कुठे तुटलंय ते दाखवलं. आणि जाता जाता, गोळी न झाडताही सराव होतो. रिकामं हत्यार, तीनदा तपासलेलं, गोळ्या दुसऱ्या खोलीत.

मांगरावरचा_राखणदार

तुमचा कमरेचा आणि होल्स्टरचा वाद चालूंदे, पण बंदूक म्हटल्यावर आमका कोण इचारणार काय नाय? आमच्याकडे बंदूक शोभेची नाही, शेतसंरक्षणाची आहे. दोडामार्गाकडे हत्ती, इकडे गवे, माकडं आणि डुकरं. एका रात्रीत डुकरांचा कळप भाताचा कोपरा असा लोळवतो की सकाळी विळा कुठून घालायचा कळत नाही. माकडावर कोणी गोळी घालत नाही, डुकराला वनखात्याचा कागद लागतो, तेही माहीत आहे. नुसता वर बार काढायला तरी बंदूक घरात नको?

२०२४ मध्ये काय झालं बघा. मार्चात लोकसभेची आचारसंहिता, बंदूक ठाण्यात, तेव्हा काजू. १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता, परत बंदूक ठाण्यात. तेव्हा भात कापणीला. डुकरांना आचारसंहिता लागू नसते. मी माळ्यावर बसून पत्र्याचा डबा बडवला सोळा रात्री.

निवृत्त_फौजदार

सरसकट जमा करायचा नियम नाही. छाननी समिती असते. जामिनावर सुटलेले, गुन्ह्याची पार्श्वभूमी असलेले, मागच्या दंगलीत नाव आलेले, असे बघून ठरवायचं असतं.

मांगरावरचा_राखणदार

साहेब, समिती कागदावर. आम्हाला बीटवरून फोन येतो, "उद्या आणून टाक." मी विचारलं, माझ्यावर कुठला गुन्हा? तर म्हणे, "गुन्हा नको असेल तर आण."

निवृत्त_फौजदार

असं होतं. होऊ नये.

बत्तीस_बोअर

वा! फौजदारसाहेबांनी खात्याबद्दल चार शब्द कबूल केले, हा दिवस लिहून ठेवा. आमच्याकडेही तेच. निवडणुकीत रोकड जास्त फिरते, लुटारू जास्त फिरतात, आणि नेमकं तेव्हाच सराफाचं हत्यार जमा.

मांगरावरचा_राखणदार

जमा केली त्याचंही दुःख नाही. परत कशी मिळाली ते ऐका. बंदूक नेली तेव्हा नळीत तोंड दिसत होतं. आणली तेव्हा दस्त्याला सुतळीने पुठ्ठ्याचा बिल्ला बांधलेला, नळीवर गंजाची खरूज, आणि दस्त्यावर कोणीतरी खिळ्याने नंबर कोरलेला. आजोबांच्या शिसवी दस्त्यावर! मी काही बोललो नाही, पावतीवर सही केली आणि घरी आलो. त्याच रात्री कुत्री भुंकायला लागली. मी काडतूस घातलं, मांगराच्या, म्हणजे शेतातल्या खोपटाच्या, दारात उभा राहिलो, घोडा चढवला. का कोण जाणे, उतरवला. बंदूक मोडली, म्हणजे बिजागरीतून उघडली, काडतूस काढलं, नळीत बॅटरी मारून बघितलं तर डाव्या नळीत पलीकडचा उजेडच नाही. कुंभारीण माशीने मातीचं घर केलेलं. अंगठ्याएवढं, चांगलं लिंपलेलं. आत हिरव्या अळ्या भरून ठेवलेल्या.

तो बार गेला असता तर नळी माझ्या डाव्या हातात फुटली असती.

डॅलसकर_वैनी

देवा. दादा, तुमचा हात शाबूत आहे ना? हे वाचून मी स्वयंपाक अर्धा टाकून आलेय.

कोयनाकाठ

मी म्हणतो ते हेच. ज्याच्या हातात हत्यार आहे त्याने दर वेळी नळीत बघायचं. ठाण्यातून आलं तरी, मित्राकडून आलं तरी, स्वतःच्या कपाटातून काढलं तरी. आणि दुनळीच्या सेफ्टीवर विसंबणारे इथे बरेच दिसतात. बहुतेक दुनळ्यांची सेफ्टी फक्त चाप अडवते, स्प्रिंग ताणलेलीच राहते. बांध ओलांडायचा तर बंदूक मोडून, काडतुसं खिशात घालून ओलांडायची. आजोबा आम्हाला पोरांना हे कान धरून शिकवायचे.

बत्तीस_बोअर

मांगरवाल्यांचं दुःख मान्य, पण त्यावरून तुम्ही परत 'हत्यार नकोच' वर आलात. माशीचं घर माझ्या रिव्हॉल्व्हरमध्ये होत नाही, कारण ते रोज माझ्या अंगावर असतं. उलट हा माझ्याच बाजूचा मुद्दा आहे!

वाळवंटी_वाटसरू

बत्तीसदादा, अंगावर 'रोज' असतं? आपल्या ढाब्याचं सांगू का, की तुम्हीच सांगता?

बत्तीस_बोअर

तू इथे कशाला आलास?

वाळवंटी_वाटसरू

मी त्यांचा मेव्हणा. दुबईत असतो, सुट्टीला आलो होतो. महामार्गावरच्या ढाब्यावर जेवलो, निघालो. बारा-तेरा किलोमीटर गेल्यावर दाजींचा चेहरा पांढरा. संडासात जाताना पट्टा सोडून होल्स्टरसकट दाराच्या खिळ्याला टांगलं होतं. गाडी उलटी फिरवली, वाटेत एक शब्द कोणी बोललं नाही. ढाब्यावर भांडी घासणाऱ्या पोराने ते उचलून गल्ल्याखाली वर्तमानपत्राने झाकून ठेवलं होतं. तेरा-चौदाचा असेल. म्हणाला, "काका, जड होतं म्हणून कळलं खरं आहे."

बत्तीस_बोअर

झालं समाधान? ठीक आहे. त्या दिवसापासून पट्टा सोडायचा झाला तर ते गाडीतल्या तिजोरीत जातं, तिजोरी सीटखाली साखळीने बांधलेली. आणि त्या पोराच्या शाळेची फी मी भरतो, हे मेव्हण्याने सांगितलं नाही. पण एका चुकीवरून माझा धंदा तुम्ही रात्री साडेनऊला रस्त्यावर उघडा पाडणार असाल तर मला मान्य नाही. घरी मात्र आता रिकामं करूनच ठेवतो, गोळ्या वेगळ्या कुलपात. एवढं कोयनाकाठ यांचं ऐकलं असं हवं तर समजा. छाती मात्र लागतेच.

कोयनाकाठ

समजलो. छाती तुमची, खिळा ढाब्याचा.

निवृत्त_फौजदार

तिजोरी केली हे चांगलं. ते हरवलं असतं तर परवाना गेलाच होता, वर त्यातून कोणी काय केलं याचा हिशेब जन्मभर. आणि एक राहिलं: लग्नाच्या वरातीत हवेत बार काढणारे कोणी वाचत असतील तर २०१९ च्या दुरुस्तीत त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. कोकणात कमी, घाटावर जास्त बघितलं आहे. नावं घेत नाही.

कोयनाकाठ

माझ्याकडे बघून बोलू नका साहेब, आमच्या वरातीत बँजोच होता.

मांगरदादा, एक विचारायचं राहिलं. ते मातीचं घर काढलंत कशाने? लोखंडी गजाने खरवडलं असेल तर नळी आतून गेली असणार.

मांगरावरचा_राखणदार

गज नाय लावलंय. गरम पाण्यात नळी उभी करून ठेवली रातभर, सकाळी बांबूच्या काठीक चिंधी बांधून ढकललंय. चिखल झालेलो, सगळो भायर इलो. मगे खोबरेल लावलंय, दुसरा तेल घरात नव्हता.

कोयनाकाठ

खोबरेल थंडीत गोठतं. मशीनचं तेल लावा, शिलाई मशीनचं चालेल. आणि पहिला बार लावायच्या आधी कारागिराला नळी दाखवून आणा. माझ्याकडे पितळी ब्रश पडून आहे बारा बोअरचा, पत्ता खासगीत कळवा, पाठवतो.