रंग दिलेले आहेत, पण मनाला येईल तसे नव्हेत

अवकाश दुर्बिणींनी टिपलेल्या रंगीत फोटोंबद्दल 'हे सगळे रंग फोटोशॉपचे, खरं आकाश असं नसतंच' असा सूर लागलाय. अर्धं पटतं. कोथरूडच्या गच्चीवरून छोट्या दुर्बिणीतून मृगातला तेजोमेघ बघितला तर राखाडी, धुरकट डागच दिसतो. अंधुक उजेडात डोळ्यांना रंग कळत नाहीत, त्यात पुण्याचा झगमगाट!

पण रंग देण्यालाही शिस्त असते. हबल या अवकाश दुर्बिणीच्या १९९५ च्या 'सृष्टीचे स्तंभ' या चित्रासाठी (अवकाशातले वायू आणि धुळीचे उंच खांब) फिल्टर लावून कृष्णधवल फोटो घेतले आणि गंधकाला लाल, हायड्रोजनला हिरवा, ऑक्सिजनला निळा रंग दिला. म्हणजे कुठे कुठला वायू आहे ते रंगावरून कळतं. जेम्स वेब ही अवकाश दुर्बीण तर मुख्यतः डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश टिपते. तिथे लांब तरंगलांबीला तांबडा, आखूडला निळा. याच स्तंभांचं वेबने २०२२ मध्ये टिपलेलं चित्र शेजारी ठेवून बघा. हबलमध्ये भक्कम वाटणारी धूळ इथे विरळ झालीय, आणि कडांना जे तांबडे ठिपके दिसतात ते नुकते जन्मलेले तारे!

रंगांवरच आक्षेप असेल तर आपल्या पुणे जिल्ह्यातल्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीचं काय करायचं? तिथे तर नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या रेडिओ लहरी.

अशा फोटोंत ताऱ्यांभोवती टोकदार किरण का दिसतात, असंही कुणी विचारलं होतं. ते ताऱ्याचे नाहीत, दुर्बिणीच्या रचनेमुळे उमटतात. चार असतील तर हबल. सहा ठळक आणि दोन बारीक असतील तर वेब.