जुनी फिगर कपाटात असताना सुधारित आवृत्तीची वाट का पाहावी?

सहाइंची (धागाकर्ता)

पुण्यातल्या आम्हा संग्राहकांमध्ये हल्ली एक मत वरचेवर ऐकू येतं. एखाद्या सुपरहिरोची फिगर, म्हणजे हातपाय हलवता येणारी छोटी प्रतिकृती, एकदा कपाटात आली की विषय संपला. तीच पुन्हा सुधारून यावी म्हणून डोळे लावून बसणं म्हणजे कंपनीची तिजोरी भरणं. मला हे अजिबात मान्य नाही, म्हणून हा धागा.

मार्व्हल लेजेंड्स ही सहा इंची फिगरची मालिका टॉय बिझ या खेळण्यांच्या कंपनीने २००२ मध्ये सुरू केली. पहिल्या खेपेत आयर्न मॅन, कॅप्टन अमेरिका, हल्क आणि टोड होते. इतके सांधे असलेली फिगर साध्या दुकानात मिळते, हीच तेव्हा नवलाई होती. आज त्याच फिगर नव्या फिगरच्या शेजारी उभ्या करून बघा. कोपर-गुडघ्यांवर पिनांची टोकं दिसतात, सांध्यांमध्ये फटी आहेत, डोळ्यांचा रंग जरा इकडचा तिकडे गेला की चेहरा परका वाटतो. २००७ पासून ही मालिका हॅस्ब्रो या कंपनीकडे आहे. गेल्या काही वर्षांत पिना आत लपवलेले सांधे आले, चेहरे डिजिटल पद्धतीने छापले जाऊ लागले. हा फरक नुसता दिखाऊ नाही.

स्पायडरमॅनचंच घ्या. ऑगस्ट १९६२ मध्ये स्टीव्ह डिटकोने त्याला कागदावर आणला तो गुडघे छातीशी घेऊन बसणारा, अंग वाटेल तसं पिळवटणारा, मनगट उलटं वळवून जाळं फेकणारा. त्याची फिगर जर सरळसोट उभीच राहणार असेल, तर अंगावर लाल-निळा पोशाख आहे एवढंच त्याच्यात स्पायडरमॅनचं उरतं. खांद्याच्या आत छातीकडे एक जादा सांधा देतात, त्याला आपण बटरफ्लाय जॉइंट म्हणतो. तो आला तेव्हा दोन्ही हात छातीसमोर आणता येऊ लागले आणि भिंतीला चिकटलेला तो पोरगा फिगरमध्ये पहिल्यांदा दिसला. सुधारित आवृत्ती मागतो ती यासाठी. मूळ चित्राच्या आणखी जवळ जाता यावं, एवढीच इच्छा असते.

कंपन्यांवर माझा राग आहे तो वेगळ्या कारणासाठी. स्पायडरमॅन, वुल्व्हरिन, बॅटमॅन यांना सतत नवं रूप मिळतं. दुय्यम पात्रं मात्र वर्षानुवर्षं जुन्या साच्यातच पडून राहतात. आधी त्यांचा नंबर लागला पाहिजे. तुम्हाला काय वाटतं?

---

पेठेतलं_कपाट

तुमच्या अगदी विरुद्ध मत मांडतो आहे, राग मानू नका.

प्रत्येक फिगर तिच्या काळाची असते. मेगो कंपनीने १९७२ पासून आठ इंची सुपरहिरो काढले, त्यांना खरे कापडी कपडे होते. केनर कंपनीने १९८४ मध्ये सुपर पॉवर्स मालिका काढली, तिच्यात सुपरमॅनचे पाय दाबले की तो ठोसा मारायचा. त्या फिगरला कोपरात सांधा नव्हता, पण तो ठोसा मारताना हातात जी गंमत यायची ती आजच्या तीस सांध्यांत नाही. सुधारणा म्हणता म्हणता काय काय गेलं, याचा हिशेब कोणी ठेवत नाही. टॉय बिझच्या फिगरसोबत कॉमिकचा अंक यायचा, भिंतीचा तुकडा किंवा दगडांचा चौथरा यायचा. आता फिगर येते आणि दोन जादा पंजे येतात.

बाजीराव रस्त्याला लागून राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. काका केळकरांनी अडकित्ते जमवले, दिवे जमवले. सुपारी कातरायला चांगला अडकित्ता मिळाला म्हणून जुना टाकून दिला असता, तर आज आपण तिथे काय बघायला गेलो असतो? संग्राहकाने जुन्याकडे ‘आता बदलायची वस्तू’ म्हणून बघायला लागणं मला धोक्याचं वाटतं. वाट पाहण्याची सवय लागली की हातात असलेल्या वस्तूकडे बघणंच बंद होतं.

---

सहाइंची

राग कसला, प्रतिसाद आवडला. पण केळकरांचं उदाहरण माझ्याच बाजूने जातं. एक अडकित्ता मिळाल्यावर ते थांबले नाहीत ना! त्याच कामाची तीच वस्तू, वेगळ्या घडणीची, पुन्हा पुन्हा आणली, म्हणून तर कारागिरी कशी बदलत गेली ते आपल्याला दिसतं. नवी आली की जुनी काढून टाका, असं मी कुठेही लिहिलेलं नाही. माझ्याकडे टॉय बिझचा डॉक्टर डूम आहे आणि तो जागचा हलणार नाही.

सुपर पॉवर्सचा ठोसा मात्र मान्य. तो पुन्हा यायला हवा.

---

कर्वेनगरची_आई

मी संग्राहक नाही. माझा मुलगा आठवीत आहे आणि त्याच्यामुळे मला हे सगळं माहीत झालं आहे. जागा आमच्या घरात कमी, आणि प्रत्येक ‘सुधारित’ फिगर आली की आधीची त्याच्या मनातून उतरते. तुम्ही म्हणता जुनी ठेवायची. तुमचं वय आणि तुमची कमाई वेगळी. तेरा वर्षांच्या मुलाला ‘याच्यापेक्षा चांगली येणार आहे’ असं सतत ऐकवलं जातं, त्याचं काय होतं ते मी रोज बघते. वाढदिवसाला हट्ट करून घेतलेली फिगर दिवाळीपर्यंत जुनी ठरते.

दुसरं, प्लॅस्टिक. हॅस्ब्रोने खोक्यांतली प्लॅस्टिकची खिडकी काढून २०२२ मध्ये सगळीकडून बंद पुठ्ठ्याची खोकी आणली होती. संग्राहकांनी इतकी ओरड केली की पुढच्याच वर्षी कंपनीला खिडकी परत आणण्याची घोषणा करावी लागली. निदान खोक्यापुरतं तरी प्लॅस्टिक कमी होत होतं, तेही तुम्ही लोकांनी होऊ दिलं नाही. ही गोष्ट मला फार लागली.

---

प्रीऑर्डर_पाषाण

ताई, खिडकीबद्दल सांगतो. बंद खोक्यात चेहरा कसा रंगवला आहे ते विकत घेण्याआधी दिसत नाही. शिवाय परदेशातल्या दुकानांत लोक आतली फिगर काढून जुनीपुराणी भरायचे आणि खोकं परत करायचे, पुढचा ग्राहक फसायचा. विरोध होता तो यासाठी. परत आलेली खिडकी वनस्पतिजन्य किंवा पुनर्वापराच्या प्लॅस्टिकची असेल, असं कंपनीने सांगितलं होतं.

मुलाबद्दल तुम्ही लिहिलंत ते मात्र खरं आहे. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

---

नळस्टॉप_वर्कशॉप

आता जरा वस्तूबद्दल बोलू या. नवी आवृत्ती चांगलीच असते, हे इथे सगळ्यांनी धरून चाललं आहे. मी फिगर दुरुस्त करतो, रंगवतो, आणि मला ते पटत नाही.

जुन्या टॉय बिझच्या सांध्यांत दाते असायचे. हात वर केला की कट्-कट् आवाज करत तिथेच थांबायचा. जड पंख लावा, तलवार द्या, खाली येत नसे. नवे पिना लपवलेले सांधे दिसायला सुरेख आहेत, पण मऊ प्लॅस्टिकचे निघाले तर गुडघा उभ्या उभ्या वाकतो आणि फिगर फळीवरून तोंडावर पडते. पूर्वी पिन सैल झाली तर ती काढून घट्ट करता यायची, आता आत हात घालायला वावच नाही.

मग आपली हवा. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात प्लॅस्टिसायझर मिसळतात, ते वर्षांनी पृष्ठभागावर येतं आणि फिगर चिकट लागते. बंद खोक्यात, उबेला, ते जास्त जाणवतं. ‘मी कधी उघडलीच नाही’ असं अभिमानाने सांगणाऱ्यांच्या फिगर मी चिकट झालेल्या पाहिल्या आहेत. अशी फिगर कोमट पाण्यात साधा साबण घालून मऊ ब्रशने धुवावी, पूर्ण वाळवावी आणि हवेशीर ठेवावी. खिडकीतल्या उन्हात अजिबात नको, पांढरं प्लॅस्टिक पिवळं पडतं. नव्या फिगरचा सांधा अडकला असेल तर जोर लावू नका. गरम पाण्यात थोडा वेळ बुडवा, मग हळूहळू हलवा. जोर लावला की आतली खुंटी पिळून तुटते, आणि तेवढ्यासाठी लोक ‘सुधारित येईल तेव्हा बघू’ म्हणून ती ड्रॉवरमध्ये टाकतात.

माझं म्हणणं असं, की वाट पाहण्याऐवजी निम्म्या सुधारणा घरी होतात. एका फिगरचं डोकं, दुसरीचं धड, ॲक्रिलिक रंगाचे पातळ पातळ थर, वरून मॅट वार्निश. कंपनीने दुर्लक्ष केलेलं पात्र असंच तयार होतं.

---

सहाइंची

दाते असलेल्या सांध्यांबद्दल शंभर टक्के सहमत. सुधारणा म्हणजे नुसता देखणेपणा नव्हे, फिगर नीट उभीही राहिली पाहिजे.

पण घरी सुधारणा सगळ्यांच्या हातून होत नाही हो. आणि कंपनीने काढलेली फिगर हजारो लोकांकडे पोचते. एखादं विसरलेलं पात्र पुण्यातल्या एका टेबलावर सुंदर तयार झालं, तर ते त्या टेबलावरच राहतं.

---

कसब्यातला_मावळा

सगळे अमेरिकेकडे बघत बसला आहात. मला एक सांगा, आपली फिगर कुठे आहे?

दिवाळीत किल्ला करताना आम्ही कसब्यातल्या कुंभारवाड्यातून मावळे आणतो. घोडेस्वार, तोफवाला, पहारेकरी, सिंहासनावरचे महाराज. लहानपणापासून ती चित्रं तशीच बघतो आहे आणि प्रेमानेच बघतो. पण सहा इंची, सांध्यांचा, ढाल-तलवार हातात नीट धरणारा मावळा का असू नये? इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ (फँटम) मराठीत वाचत आमच्या आधीची पिढी मोठी झाली, त्याची तरी चांगली फिगर इथे कोणी काढली का?

आणि हे आपल्याला जमत नाही असं कोणी म्हणू नये. फनस्कूल ही खेळण्यांची कंपनी १९८७ साली एमआरएफ आणि हॅस्ब्रो यांच्या भागीदारीतून उभी राहिली. तिने इथे जी. आय. जो हे खेळण्यातले सैनिक बनवले, त्यांचे रंग अमेरिकन फिगरपेक्षा वेगळे होते, आणि आज परदेशातले संग्राहक ते शोधत फिरतात. हात आपल्याकडे आहेत. सुधारित स्पायडरमॅनची आशा धरण्यापेक्षा पहिल्या मावळ्याची आशा धरा.

---

नळस्टॉप_वर्कशॉप

मावळेराव, भावना समजते. अडचण साच्याची आहे. अशा फिगरचे भाग पोलादी साच्यात प्लॅस्टिक दाबून काढतात आणि साच्याचाच खर्च प्रचंड असतो. म्हणून कंपन्या एक शरीर बनवतात आणि डोकं, पट्टा, बूट बदलून त्याच्यावर बरीच पात्रं काढतात. सहाइंचींच्या प्रश्नाचं उत्तरही त्यातच आहे. ज्या दुय्यम पात्राचं अंग तयार साच्यात बसतं ते लवकर येतं. ज्याला शेपटी, कुबड किंवा चार हात आहेत ते मागे राहतं, कारण त्याचा साचा दुसऱ्या कोणाला वापरता येत नाही.

मावळ्याला हेच लागू केलं तर काम सोपं आहे. एक धड, एक अंगरखा, आणि पगड्या-चेहरे दहा. कोणीतरी पैसे घालायला हवेत.

---

प्रीऑर्डर_पाषाण

पैसे लोकांनीच घालायचे, हा मार्ग हॅस्ब्रोने हॅसलॅब या आगाऊ नोंदणीच्या उपक्रमात वापरला आहे. २०२१ मध्ये गॅलॅक्टस या महाकाय पात्राची ३२ इंची फिगर काढायला १४,००० ग्राहकांनी आधी पैसे भरणं गरजेचं होतं, किंमत सुमारे ४०० डॉलर. भरले ३०,००० हून जास्त लोकांनी. टॉय बिझने २००५ मध्ये तोच गॅलॅक्टस एकेका फिगरसोबत एकेक तुकडा देऊन काढला होता, म्हणजे ही सुधारित आवृत्तीच होती. पुढच्या वर्षी घोस्ट रायडरच्या गाडीला पुरेसे लोक मिळाले नाहीत आणि ती निघालीच नाही. नुसत्या आशेला इथे किंमत नाही, आकडा लागतो.

त्यात आपण भारतात. खेळण्यांवरचं आयातशुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झालं, २०२३ मध्ये ७० टक्के. जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. अमेरिकेत मिळणारी फिगर इथे पोचेपर्यंत तिची किंमत कुठल्या कुठे जाते. म्हणून मी प्रत्येक नव्या आवृत्तीला हो म्हणत नाही. एखाद्या पात्राची शेवटची, सगळ्यात चांगली आवृत्ती येईल असं वाटलं तरच थांबतो. माझ्यासाठी वाट पाहणं हाच पैसे वाचवायचा मार्ग आहे.

---

कर्वेनगरची_आई

शुल्काचं वाचून एक सांगते. याच किमतींमुळे मुलं रस्त्यावरच्या नकली फिगरकडे वळतात. त्यांचा रंग हाताला लागतो, तो कशाचा आहे ते कोणालाच माहीत नसतं. शुल्क वाढवणाऱ्यांनी इथे चांगली फिगर तयार होईल हेही बघायला हवं होतं. मावळ्याची कल्पना मला आवडली. तशी फिगर निघाली तर पहिली मी घेईन.

नळस्टॉप_वर्कशॉप, मुलाला फिगर रंगवायला शिकायची आहे. आठवीतल्या मुलाला हे जमेल का?

---

नळस्टॉप_वर्कशॉप

नक्की जमेल, ताई. मन उडालेली एखादी जुनी फिगर त्याला घेऊ द्या. सुरुवात चेहऱ्यापासून नको, बुटांपासून करू दे. बारीक ब्रश, पाण्यात पातळ केलेला ॲक्रिलिक, एक थर वाळल्याशिवाय दुसरा नाही. स्प्रेचं वार्निश मात्र गच्चीवर, तोंडाला मास्क लावून, मोठ्या माणसासमोरच.

---

पेठेतलं_कपाट

सहाइंची, मला अजून पटलेलं नाही. तुमच्यासारखे जुनी सांभाळून नवी घेणारे थोडे असतात. बाकीच्यांकडे नवी आली की जुनी घराबाहेर जाते, हे ताईंनी लिहिलंच आहे.

तेव्हा सगळ्यांना विनंती. सुधारित आवृत्ती आली आणि टॉय बिझची किंवा फनस्कूलची जुनी फिगर काढायची असेल, तर भंगारात घालू नका. आधी या धाग्यावर लिहा. हात तुटलेला असला, चिकट झालेली असली, तरी चालेल. मी येऊन घेऊन जाईन.