मदत हवी आहे : पद्मिनीच्या सीटला नवीन कव्हर चढवायचंय

नमस्कार मंडळी,
वडिलांची १९८४ ची प्रीमियर पद्मिनी आहे, स्टेअरिंगजवळ गिअर असलेली. पुढची सीट सलग, बाकासारखी. मेरून रेक्झिनची नवीन कव्हरं शिवून आली आहेत, पाइपिंगसकट (म्हणजे शिवणीवरची गोल उठावदार कड). ती घरीच चढवायचा विचार आहे.

जुनं कव्हर काढलं तर आत काथ्या पार भुगा झालेला, गोणपाट कुजलेलं. स्प्रिंगा मात्र शाबूत, थोडा गंज आहे. तो घासून रेड ऑक्साइड मारतोय. काथ्याऐवजी फोम घालायचा म्हणतोय, पण किती जाड आणि कुठल्या डेन्सिटीचा? जास्त झाला तर कव्हर बसणार नाही, आणि आमचे अण्णा उंच, डोकं टपाला लागायचं! स्प्रिंग फोमला कापू नये म्हणून मधे गोणपाटच बरं की जाड फेल्ट?

खरी अडचण कोपऱ्यांची आहे. रेक्झिन उन्हात तापवून मऊ करायचं, मधून सुरुवात करून दोन्ही बाजूंना ओढत जायचं, एवढं माहीत आहे. तरी पाइपिंगची रेघ वाकडी जाते. आधी पुढची कड अडकवायची की मागची? जुन्या कव्हरच्या कडेतली तार नव्यात ओवून घेतली तर चालेल ना?

आणि हॉग रिंगा (कव्हर सीटच्या तारेला आवळणाऱ्या धातूच्या छोट्या कड्या) व त्यांची पक्कड कोल्हापुरात कुठं मिळेल? उद्यमनगरात दोन-तीन ठिकाणी विचारलं, सगळे म्हणतात बाइंडिंग वायरनं आवळा. मला ते पटत नाही, तारेची टोकं रेक्झिन फाडतात.

जुन्या गाड्यांची गादीकामं करणारा कुणी जाणता कारागीर शहरात असेल तर तेही सांगा. गाडी घेऊन येतो.