घरातली विजेची दुरुस्ती : स्वतः हात घालावा का?

(या प्रश्नावरची चर्चा. प्रत्येक प्रतिसादाच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

दीडची वायर

विजेचं काम घरी करू नका म्हटलं की सगळ्यांना शॉक आठवतो. शॉक वाईटच, पण तो निदान तिथल्या तिथे कळतो. मला जास्त भीती वाटते ती काम संपल्यावर भिंतीत राहून जाणाऱ्या चुकीची.

साधं उदाहरण घ्या. २००० वॅटचा गिझर २३० व्होल्टवर साधारण ८.७ अँपियर ओढतो. त्याच्या वायरी पिळून वर टेप गुंडाळला, जोड सैल राहिला आणि तिथे अर्धा ओहम रोध आला, तर त्या एवढ्याशा जागी सुमारे ३८ वॅट उष्णता तयार होते. साधं सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचं असतं! एमसीबी (करंट मर्यादेबाहेर गेला की आपोआप पडणारं बटण) पडत नाही, कारण करंट वाढलेलाच नसतो. आरसीसीबी (करंट जमिनीकडे गळाला की पडणारं बटण) पडत नाही, कारण गळती नसते. टेप करपतो, प्लास्टिक मऊ होतं, आणि वास येईपर्यंत कुणालाच पत्ता लागत नाही.

दुसरी चूक: एमसीबी सारखी पडते म्हणून १६ अँपियरची काढून ३२ची बसवणं. आत वायर तीच, अडीचची (म्हणजे अडीच चौरस मिलिमीटर जाडीची). एमसीबी असते वायर वाचवायला. ३२ची लावली की ती वायर २८-३० अँपियरवर तासन्तास तापत राहते आणि एमसीबी गप्प बसते.

तिसरी चूक सगळ्यात घातक. अर्थिंग नाही म्हणून सॉकेटच्या मोठ्या भोकाला न्यूट्रलच (करंट परत नेणारी वायर) जोडून टाकायची. पुढे कुठे ती न्यूट्रल तुटली, की फ्रिजच्या किंवा वॉशिंग मशीनच्या पत्र्यावर सरळ २३० व्होल्ट येतात.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. बल्ब आणि ट्यूब बदला, बाकी कशाला हात लावू नका.

कोपऱ्यातलं बटण

असहमत. तुम्ही सांगितलेल्या तिन्ही चुका पैसे घेऊन काम करणारे लोकही सर्रास करतात. चूक अज्ञानातून होते, मग ते घरमालकाचं असो की कारागिराचं.

नियमही तुमच्याइतका कडक नाही. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या सुरक्षा नियमांत वायरिंगचं काम परवानाधारक कंत्राटदाराकडून करून घ्यायला सांगितलं होतं, पण दिवे, पंखे, फ्यूज, बटणं, २५० व्होल्टपर्यंतची घरगुती उपकरणं जुनी काढून नवी बसवणं त्यातून वगळलं होतं. अट एकच: जोडणीची क्षमता किंवा स्वरूप बदलता कामा नये. ही रेघ मला पटते. जुन्याच्या जागी तसंच नवं बसवायचं, तेवढं घरी करायला हरकत नाही.

बटण बदलायचं तर आधी मोबाइलवर बोर्डाच्या आतला फोटो घ्या. फेज (वीज आणणारी वायर) एका बटणावरून दुसऱ्यावर लूप केलेली असते, ती सुटली की पुढची सगळी बटणं मरतात. तांबं ८-१० मिलिमीटर उघडं करा, तारा पिळून एकत्र करा, एकही तार बाहेर राहू देऊ नका. स्क्रू तांब्यावर बसला पाहिजे, प्लास्टिकवर नाही. मग प्रत्येक वायर ओढून बघा. दीडची वायर म्हणतात तो सैल जोड इथेच टळतो.

तिसरी पिन

बटणाची कृती बरोबर, पण सुरुवातच राहिली: मेन बंद केला म्हणजे काम झालं असं नाही. इन्व्हर्टर असलेल्या घरात मेन खाली पाडला की इन्व्हर्टरला वाटतं वीज गेली, आणि तो बॅटरीवरून त्याच बोर्डात २३० व्होल्ट सोडतो. म्हणून आधी मेन, मग इन्व्हर्टरचं पुढचं बटण, आणि त्याच्या लाइनला वेगळी एमसीबी असेल तर तीही खाली.

नुसत्या एका पोलच्या एमसीबीवरही विसंबू नका. ती फेज तोडते, न्यूट्रल तशीच राहते. मागे कुणी फेज-न्यूट्रलची अदलाबदल करून ठेवली असेल, तर एमसीबी खाली असतानाही बोर्ड जिवंतच. मेनचा डबल पोल स्विच दोन्ही तोडतो, तो बंद करा.

टेस्टर तीन वेळा लावायचा. आधी चालू सॉकेटवर लावून तो पेटतो का बघा, मग काम करायच्या जागी, मग पुन्हा चालू जागी. सगळं घर बंद असेल तर चालू जागा म्हणजे मेनच्या आधीची बाजू, आणि तिथे फार जपून.

दीडची वायर

टेस्टरचा विषय निघालाच आहे तर बोर्डाची न्यूट्रल तुटलेली असते तेव्हा काय होतं बघा. एखादा दिवा किंवा पंखा बटणावर चालू राहिलेला असतो. फेज त्याच्यातून पलीकडे जाऊन न्यूट्रलच्या वायरीवर उभी राहते. टेस्टर दोन्ही भोकांत पेटतो. लोक म्हणतात ‘डबल फेज आला’. खरं तर दुसरा फेज नसतोच. दिवा लागत नाही म्हणजे वीज नाही, असं समजून काळ्या वायरीला हात लावला की झटका बसतो. कोपऱ्यातलं बटण, ही गोष्ट फोटो काढून कळत नाही.

अर्थिंगवाला

आरसीसीबी आहे ना, मग काय होतंय, असं म्हणणाऱ्यांसाठी. ३० मिलीअँपियरची आरसीसीबी जमिनीकडे गळती झाली तरच पडते. एका हातात फेज, दुसऱ्या हातात न्यूट्रल, पायाखाली कोरडं स्टूल, असं असेल तर तिच्या दृष्टीने तुम्ही एक बल्ब आहात. आणि तो करंट छातीतून जातो. शरीराचा रोध १००० ओहम धरला, तरी २३० मिलीअँपियर होतात.

तरीही आरसीसीबी घ्याच, आणि तिचं टेस्ट बटण अधूनमधून दाबा. दाबून पडली नाही तर ती बदला.

तालुक्याचं गाव

शहरात बसून ‘वायरमन बोलवा’ म्हणणं सोपं आहे. एका बटणासाठी आठ-आठ दिवस कुणी फिरकत नाही. तोवर घरात करपलेलं, ठिणग्या मारणारं बटण रोज वापरलं जातं. तो धोका दीडची वायर यांच्या हिशेबात कुठेच नाही. पंख्याचा कपॅसिटर घ्या: जुन्यावर २.५ मायक्रोफॅरड, ४४० व्होल्ट लिहिलेलं असतं, तसाच आणायचा. जास्तीचा लावला तर वाइंडिंग तापतं. काढण्याआधी त्याची दोन्ही टोकं इन्सुलेटेड स्क्रूड्रायव्हरने एकमेकांना टेकवायची. यासाठी आठ दिवस उकाड्यात बसायचं?

दीडची वायर

करपलेल्या बटणाचं म्हणणं मान्य. तेवढी माझी रेघ सरकवतो: बटण, होल्डर, पिन टॉप (वायरीच्या टोकाचा प्लग), पंख्याचा कपॅसिटर, हे मेन आणि इन्व्हर्टर दोन्ही बंद करून तसंच्या तसं बदला. पण बटण करपलं असेल तर आधी एमसीबी खाली पाडून ते वापरणं थांबवा, आणि ६ अँपियरच्या सॉकेटवर गिझर किंवा इस्त्री चालत होती का ते बघा. तसं असेल तर नवं बटणही करपणार. तिथे अडीचची वायर आणि १६ अँपियरचं सॉकेट लागतं, आणि ते काम वायरमनचंच.

मायक्रोवेव्ह मात्र कुणीही उघडू नका. त्यातल्या कपॅसिटरवर प्लग काढल्यानंतरही सुमारे दोन हजार व्होल्ट राहू शकतात.

तिसरी पिन

आणि काम झाल्यावर अर्धा तास पूर्ण लोडवर चालवा, बंद करा, प्लग काढा, मग पिन टॉप आणि बोर्डाच्या पट्टीला बोट लावून बघा. कोमट लागलं तर चालेल, चटका बसला तर जोड पुन्हा उघडा.